बायकोला मिळालेला प्रवेश

एमबीए करायचं मी ठरवलं होतं, बायकोने नाही. तलासरीला हायवेलगतच्या एका कारखान्याच्या गोदामात मी डिस्पॅच बघतो. माझ्या मागून आलेली, सप्लाय चेनमध्ये एमबीए केलेली मुलं बघता बघता केबिनमध्ये जाऊन बसायची आणि काचेतूनच मला खुणावायची, "गाडी कुठे पोचली बघा जरा." त्यांच्या गळ्यातल्या आयकार्डाचाही मला हेवा वाटायचा.

बायको घोलवडला चिकूच्या पॅकिंगवर देखरेख करते. मी प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायचो तेव्हा ती भाकऱ्या थापता थापता मला प्रश्न घालायची. एकदा मीच म्हटलं, "तूही बस परीक्षेला. जायला सोबत होईल."

ती बसली. वसईच्या एका कॉलेजात सप्लाय चेनच्या शनिवार-रविवारच्या वर्गाला तिचा नंबर लागला. माझा नाही.

पेढे मीच आणले. कैनाडला आमच्या शेतात वडील भात कापत होते. त्यांनी बांधावरूनच शेजारच्यांना हाक मारून सांगितलं, "आमची सून एमबीए करणार!" माझं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. मी हातातला पेढा तसाच डब्यात ठेवला.

तिचं माहेर वाढवणचं. तिथे होऊ घातलेल्या मोठ्या बंदराच्या विरोधात मोर्चा निघाला की तिचे भाऊ पुढे असतात. त्यामुळे आपण नेमकं काय शिकतोय, ते तिने माहेरी सांगितलंच नव्हतं.

"बंदरात नोकरी करायलाच शिकते म्हणतील," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. आणि मला मात्र आतून बरं वाटलं. इतका जळत होतो मी.

पुढे कॉलेजच्या कामासाठी तिला एक गोदाम बघायचं होतं. ती आमच्याच गोदामात आली. साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. मला त्यांनी कधी बसा म्हटलेलं नाही. मी दाराशी उभा होतो.

तिने विचारलं, "वापीला माल उतरवून गाड्या रिकाम्या परत येतात. आपला कच्चा मालही तिकडूनच येतो ना? तो ह्याच गाड्यांतून का नाही आणत?"

साहेबांनी हातातला कप खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खरंच, का नाही आणत हो?"

त्या गाड्या रोज मी भरून पाठवतो. माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

घरी परतताना मी बाइक नेहमीपेक्षा जोरात हाणली. मागून तिने विचारलं, "वाईट वाटलं का तुम्हाला?"

"छे. वाईट कशाचं?"

"मला वाटलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही गेला असता आणि मी राहिले असते, तर मी तुमच्याशी धड बोललेही नसते."

मला हसूच आलं. गाडी कडेला घेतली आणि तिला सगळं सांगून टाकलं. पेढ्याचं, वडिलांचं, खुर्चीचं, माहेरच्या धास्तीने तिचा उतरलेला चेहरा बघून बरं वाटल्याचंही. ती माहेरच्या गोष्टीवर मात्र चिडली. "त्यात कसला आनंद झाला तुम्हाला?" म्हणाली, आणि घर येईपर्यंत मधे पिशवी ठेवून बसली.

पुढच्या खेपेला मी पुन्हा परीक्षेला बसलो. अभ्यास तिने घेतला. तिने माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं की मला राग यायचा, पण ऐकत राहिलो. नंबर लागला. आता शनिवारी आम्ही दोघं जातो, ती माझ्या वरच्या वर्गात. पहिल्याच दिवशी आडनाव वाचून सरांनी विचारलं, "तुम्ही मॅडमचे मिस्टर का?"

हो म्हणालो. टोचलं थोडं. अजूनही टोचतं.