आभाराची चिठ्ठी

शाळेत मी बत्तीस वर्षं कारकून होतो आणि तेवढीच वर्षं आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. कुणी दिलं नव्हतं. दुसरं कुणी घेईना म्हणून आलं. स्नेहसंमेलन असो की निरोप समारंभ, सगळ्यात शेवटी मी उठायचो. मी 'अध्यक्ष महोदय' म्हणेपर्यंत मागच्या रांगा चपला शोधायला लागायच्या आणि 'प्रमुख पाहुणे' येईपर्यंत मंडपवाला खुर्च्या एकात एक घालत असायचा. एकदा तर न आलेल्या पाहुण्यांचे मी 'वेळात वेळ काढून उपस्थित राहिल्याबद्दल' आभार मानले. कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त बायकोच्या आलं, कारण शेवटपर्यंत बसणारी ती एकटीच. घरी येताना म्हणाली, "मंडपवाल्याचे दोनदा मानले. माझे एकदा तरी मानायचे."

"घरच्यांचे मानतात का कुठं?" मी म्हणालो. तेव्हा मला एवढं कळत होतं. पुढं विसरलो.

गेल्या थंडीत हिची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, फक्त 'हं' उरलं. धुळ्याच्या दवाखान्यात अठरा दिवस काढले. नाकातून नळी होती. ती हिनं डाव्या हातानं एकदा उपटून काढली, तेव्हा दोन नर्सा आणि मी मिळून तो हात पलंगाला बांधला. गाठ मी मारली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "काका, सुधारण्याची वाट बघू नका. आहे ते सांभाळा. तोंडानं खातायत तोवर ठीक, नाहीतर पुन्हा नळी."

म्हणजे भडगावला परत आलो तेव्हा माझ्यापुढं काम एकच होतं: हिच्या पोटात चार घास घालायचे. मी खिचडी केली. ती भिंतीला लावली असती तर पुढच्या दिवाळीपर्यंत रंग द्यावा लागला नसता. हिनं ओठ मिटून घेतले. मी वरण केलं. ओठ मिटलेले. मी म्हटलं, "अगं, तीस वर्षं तुझं मी निमूट खाल्लं ना?" हे विनोदानं म्हटलं होतं. हिनं मान भिंतीकडं फिरवली.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास समोरच्या अक्का डबा घेऊन आल्या. कढी, आणि तिच्यात कुस्करलेला फुणका. फुणके म्हणजे आमच्याकडचे तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके. हिनं वास घेतला आणि तोंड उघडलं. चार चमचे गेले. मी पाचवा भरला तर माझ्याच सदऱ्यावर आला, पण चार गेले!

तेव्हापासून रोज अकराला डबा. खाऊन झालं की ही डाव्या हातानं त्या डब्यावर टकटक करायची. मला वाटायचं, अजून हवंय. मी चमचा पुढं करायचो. ही मान हलवायची, 'हं, हं' करायची, पुन्हा टकटक. मी पुन्हा चमचा. शेवटी डोळ्यांत पाणी यायचं हिच्या. मी समजायचो, कढी तिखट असेल.

मग मी डबा राखेनं घासायचो. असा की त्यात तोंड दिसावं. आणि संध्याकाळी अक्कांच्या ओट्यावर नेऊन ठेवायचो, माझ्यासारखा व्यवस्थित शेजारी भडगावात नाही अशा थाटात.

असा दीड महिना गेला. मग पुण्याहून मुलानं मोबाईलवर काहीतरी पाठवलं: रोज कुणाचे तरी मनापासून आभार माना, आयुष्य आनंदी होईल. आता हे मला सांगायचं म्हणजे माशाला पोहणं शिकवायचं. मी जुनं शाईचं पेन काढलं आणि ठेवणीतल्या अक्षरात लिहिलं: 'आपण केलेल्या अनमोल सहकार्याबद्दल आम्ही उभयता आपले अंतःकरणपूर्वक आभारी आहोत.' खाली लफ्फेदार सही. चिठ्ठी चकचकीत डब्यात घातली, झाकण लावलं, ओट्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. डबा आला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. ही दाराकडं बघत पडलेली. मी कढी करायला घेतली. ताक फाटलं, वर पाणी आणि खाली चोथा. तरी चमचा पुढं केला. ओठ मिटलेले. तिसऱ्या दिवशी पाण्याचे दोन घोट सोडले तर काही गेलं नाही. धुळ्याला फोन केला. "उद्यापर्यंत बघा," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर घेऊन या, नळी घालू." मी हिच्या डाव्या मनगटाकडं बघितलं. आणि मला राग आला तो अक्कांचा. एवढे छान आभार मानले आणि ही बाई अशी!

तरातरा रस्ता ओलांडून गेलो. अक्का ओट्यावर मेथी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बसा भाऊ."

"बसायला आलो नाही. डबा का बंद केला?"

"मी कसाले बंद करू? तुम्हीच कया ना." त्यांनी आपल्या अहिराणीत सुनावलं आणि मेथीची काडी मोडली. "सूननी चिठ्ठी वाची दिन्ही. आभार मानात म्हणे. आभार मानात म्हणजे कार्यक्रम सरना. शाळामा तुम्ही बोलाले उठनात की आम्ही बठ्ठा उठी जायेत, माले काय ठाऊक नही?"

बत्तीस वर्षांच्या भाषणांवर एवढा चोख अभिप्राय मला कुणी दिला नव्हता.

अक्का थांबल्या नाहीत. "आनि रिकामं भांडं कोनी परत देस का? वहिनीनी इतला वरीसमा कधी रिकामा डबा धाडा नही. गूळना खडा, चार मिरच्या. काहीच नही ऱ्हायनं त कढीपत्तानी काडी. तुम्ही घाशी घाशी रिकामा. मी म्हन्तं, मानूस दुखमा शे, जाऊ द्या. मंग चिठ्ठी उनी."

मी खाली बसलो. बसायला आलो नव्हतो तरी. ती टकटक माझ्या कानात वाजायला लागली होती.

अक्कांनी मेथी बाजूला सारली, आत गेल्या. कढी केलेलीच होती. तिन्ही दिवस करत होत्या, हे नंतर सुनेनं सांगितलं.

डबा घेऊन घरी आलो. हिनं तीन चमचे खाल्ले. मग डब्यावर बोटं टेकवली, टकटक. या वेळी मी चमचा पुढं केला नाही. शेंगदाण्याचा डबा उघडून हिच्यापुढं धरला. ही माझ्याकडं बघत राहिली. 'आला एकदाचा' असं ते बघणं होतं. लग्नानंतर पहिल्या वर्षापासून ओळखीचं. मग डाव्या हातानं दाणे उचलायला लागली. मूठ वळत नव्हती. निम्मे गोधडीवर सांडले. मदत करायला मी हात पुढं केला, तर त्या हातावर चापटी बसली. बऱ्याच वेळानं पाच दाणे अक्कांच्या डब्यात पडले. हिच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. उजवी नाही गेली. मी तेवढ्या अर्ध्यावर दिवसभर हवेत होतो.

यापुढं सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं, शेवट गोड करायची सवयच आहे. पण हात सुधारलेला नाही. बोलणं आलेलं नाही. तीन चमच्यांचे आता दोन झालेत आणि मध्ये ठसका लागतो. डॉक्टर म्हणतात, नळी आज ना उद्या घालावीच लागेल. मीही मान डोलावतो.

आज दीडच चमचा गेला. डब्यात एकच दाणा पडला, तोही अर्धा. मी झाकण लावून समोर नेला. अक्का दारातच होत्या. त्यांनी झाकण उघडून आत बघितलं, दाणा उचलून तोंडात टाकला. माझ्या जिभेवर तो शब्द आलाच होता, वाईट खोड. दात आवळून गिळला.

"उद्या काय करणार, अक्का?" मी विचारलं.

"कढीच," त्या दाणा चावत म्हणाल्या. "दुसरं काय करसू?"