बधिर कातडीवरचा शेक

‘सुनेला हात लावायच्या आधी परत धुवून ये,’ काकू म्हणाल्या. मी दोनदा हात धुतले होते. तिसऱ्यांदा धुतले. परत आले तर काकूंनी नाकाला पदर लावला आणि खोलीतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘मेंढरात वाढलेली पोर हाय. वास काय साबणानं जातो व्हय?’

बायका हसल्या. मीही हसले. कुणी अपमान केला की आपणच आधी हसून घ्यायचं, ही माझी जुनी खोड.

बाप धनगर. मेंढरं घेऊन गोदाकाठच्या शेतांतून फिरणारा. मी नर्सिंग शिकले आणि बीडमधल्या एका खासगी दवाखान्यात लागले. काकूंचं गाव गेवराईकडचं. जमीन, बंगला, राजकारण, सगळं दांडगं. पंचायत समितीची जागा बाईसाठी सुटली तसं त्यांनी सुनेला, म्हणजे वहिनींना, उभं करायचं ठरवलं. दोन बाळंतपणांत वहिनींचं पोट सुटलेलं. फ्लेक्सवर ते बरं दिसत नाही, असं घरातल्या पुरुषांचं मत पडलं. वहिनींना कुणी विचारलं नाही. लायपोसक्शन आमच्याच दवाखान्यात झालं आणि घरी देखभालीला डॉक्टरांनी मला धाडलं.

ऑपरेशनला मी हजर होते. आधी कातडीखाली सलाईनचं पाणी भरतात. त्यात बधिर करायचं औषध असतं, रक्त कमी यावं म्हणूनही एक असतं. मग बारीक छेदांतून पोकळ नळी आत घालायची, ती पुढंमागं करत चरबी सुटी करायची आणि ओढून घ्यायची. पुढचे एक-दोन दिवस त्या छेदांतून लालसर पाणी पाझरतं. पोटाला घट्ट पट्टा कित्येक आठवडे. पाणी भरपूर प्यायचं, पहिल्या दिवसापासून थोडं थोडं चालायचं, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात गेली तर माणूस हातचं जातं. कातडी मात्र पुष्कळ दिवस बधिर राहते. हे सगळं मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि त्या घरात तोंड उघडणं वेगळं.

काकूंच्या लेखी हे तिसरं बाळंतपणच होतं. बाई अंथरुणात, पोटाला पट्टा, मग दुसरं काय असणार? त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. वहिनींच्या कानाला फडकं बांधलं. पाणी घोटभरच द्या, चालू देऊ नका, असा हुकूम सोडला. मी चोरून पाणी पाजायचे, न्हाणीच्या निमित्तानं चार फेऱ्या मारून आणायचे. स्वतःच्याच कामाची चोरी.

तिसऱ्या दिवशी काकूंनी शेगडी पेटवली. वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि वहिनींचा पट्टा सोडायला लागल्या.

‘काकू, शेक द्यायचा न्हाई. कातडी बधिर हाय. पोळलं तरी वहिनींना कळणार न्हाई.’

‘दोन बाळंतपणं मीच शेकलीत हिची. तू मेंढ्यांची कर.’

मी बाजूला सरकले. खरं सांगते, भ्याले. बापाची मेंढरं तेव्हा काकूंच्या मालकांच्या, नानांच्या रानात बसवलेली होती. मेंढरं रानात बसली की शेताला खत मिळतं आणि आम्हाला चारा-पाणी. काकूंच्या एका शब्दावर ती तिथून हाकलली असती, पुन्हा त्या भागात कुणी उभं केलं नसतं. बोलू की नको, बोलू की नको, एवढंच डोक्यात.

वहिनी डोळे मिटून पडल्या होत्या. ‘लागत न्हाई,’ म्हणाल्या. काकूंनी वीट दाबून धरली, मग तशीच ठेवून कुणाचा तरी फोन घेतला. फोन लांबला. मी विटेकडं बघत उभी. उचलली नाही. काकूंनी फडकं काढलं तेव्हा खाली कातडी पांढरीफटक पडली होती आणि कडेनं फोड धरत होते.

वहिनींनी मान उचलून बघितलं. ‘मला कावून कळलं न्हाई?’ त्यांनी मला विचारलं. काकूंना नाही, मला.

मग मात्र मी कुणाला विचारलं नाही. भाजल्या जागेवर साधं गार पाणी घातलं, स्वच्छ कापडानं झाकलं, डॉक्टरांना फोन केला आणि काकूंच्याच गाडीत वहिनींना घालून बीडला आणलं.

मागोमाग नाना आले. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ‘सिस्टर, शेक तुम्ही दिला असं लिहून द्या. विषय इथंच मिटेल.’

नानांनी आवाजही चढवला नाही. ‘तुझा बाप कुणाच्या रानात हाय, ठाऊक हाय ना? लिव्ह.’

मी व्हरांड्यात गेले. बापाला फोन लावला.

‘बाबा, मेंढरं हलव. आत्ताच.’

‘कावून गं?’

मी सांगितलं. माझं भिऊन गप्प बसणंही सांगितलं. मागं मेंढरांचा आवाज येत होता. मग बाप म्हणाला, ‘खरं ते लिव्ह. आमी निघतो.’ कुठं जाणार ते मी विचारलं नाही, त्यालाही माहीत नव्हतं.

मी लिहिलं: शेक घरच्यांनी दिला. मी एकदा नको म्हणाले. पुन्हा म्हणाले नाही, वीट उचलली नाही. एवढी चूक माझी.

नानांनी कागद वाचला आणि फाडला. डॉक्टरांनी दुसरा कोरा कागद पुढं सरकवला. मी पुन्हा तेच लिहिलं, अक्षर न अक्षर.

‘हाही फाडा,’ मी म्हणाले. ‘तिसराही असाच येईल.’

नोकरी गेली. बाप आता केजच्या पलीकडं कुठंतरी अनोळखी रानं हुडकतोय. अनोळखी नंबर दिसला की अजून छातीत धस्स होतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या भीतीची किंमत एका बाईच्या पोटानं भरली. यापुढं मी भिईन ती माझी मी भिईन. त्या भीतीला पेशंटला हात लावू देणार नाही.