दिवा धरणारा

उमेरला ज्यावर मत नाही अशी गोष्ट अख्ख्या पूर्णगडात शोधून सापडायची नाही. रत्नागिरीच्या बाजारात त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक पंखा घेऊन आलं की आधी कंपनीचा उद्धार, मग हातात पाना. हॉटेलात बिल यायच्या आधीच हा मोबाईलवर अभिप्राय टाकून मोकळा. स्वस्थ बसणं त्याला ठाऊकच नाही. जेवतानाही गुडघा हलत असतो, आणि त्याची अम्मी शरीफा त्यावर हात ठेवून म्हणते, "जेव रे सुखानं."

थोरला भाऊ मुसा कुवेतला, बांधकामावर. सुट्टी शुक्रवारची. नमाज, जेवण आटोपून तो ऑनलाइन आला की दोघं 'काळदरी' खेळायला बसत. राक्षस, भुयारं, शापित राजवाडा असा सगळा मामला, पण खेळ जोडीनंच खेळायचा. एकानं तलवार घ्यायची, दुसऱ्यानं मागून दिवा धरायचा. दिवा हलला की पुढच्याला काही दिसत नाही. तलवार अर्थातच उमेरची. एरवी फोनवर मुसाची गाडी "बरा हायस ना?" च्या पुढे जात नसे. दिवा धरला की मात्र तो अम्मीच्या दुखण्यापासून मासळीबाजारातल्या बांगड्यांच्या भावापर्यंत सगळं विचारायचा.

एका शुक्रवारी दिवा धरता धरता मुसाला डुलकी लागली. राजवाड्याच्या शेवटच्या दारात अंधार झाला आणि उमेर मेला. सगळ्या पावसाळ्याची मेहनत पाण्यात. भावाला काय बोलणार? राग त्यानं खेळाच्या पानावर काढला. 'दिवा धरणाऱ्याला कामच काय? बिनकामाचा माणूस गळ्यात कशाला बांधता? दिवा आपोआप चालू द्या.' लिहिलं मराठीतच. भाषांतर ते पान आपलं आपण करतं. मग काय, दिव्यावर खार खाऊन असलेले जगभरचे खेळाडू धावून आले. 'अगदी मनातलं बोललास.' 'माझा मेहुणा दिवा धरून चिप्स खातो.' एका बाईनं तेवढं लिहिलं, 'माझा नवरा दिवा धरतो. त्याला काढू नका.' तिलाही उमेरनं उलट सुनावलं.

थोड्याच दिवसांत कंपनीनं जाहीर केलं, की बुधवारपासून दिवा आपोआप चालेल, खेळ एकट्यालाही खेळता येईल. खाली उमेरचे नावानिशी आभार. तो ते शेजारच्या दुकानदाराला कौतुकानं दाखवत होता, आणि दाखवता दाखवताच त्याच्या मनात आलं. एकट्यानं खेळता येणार, तर मग शुक्रवारी मुसानं यायचं कशाला?

बुधवारी त्यानं खेळून पाहिलं. नवा दिवा हलला नाही, पेंगला नाही, अम्मीच्या कंबरेची चौकशीही त्यानं केली नाही. राजवाडा एका बैठकीत सर झाला. उमेरला कसलाच आनंद झाला नाही. मोबाईल उपडा ठेवून तो अंगणात येरझाऱ्या घालू लागला.

"काय हरवलं तुझं?" अम्मीनं विचारलं.

"काय नाय."

त्यानं आपला अभिप्राय पुसून टाकला. पण खेळ बदलायचा तो बदललाच होता.

शुक्रवारी दुपार कलली, असरची बांग झाली तरी मुसाचा पत्ता नाही. उमेर घरात-अंगणात, अंगणात-घरात. फोन करावा तर काय तोंडानं? शेवटी मुसाचं नाव पडद्यावर उजळलं.

"तू लिहिलंस ते तेव्हाच वाचलं मी," मुसा म्हणाला. "बरोबरच लिहिलंस. मी पेंगलोच होतो. डबल ड्युटी होती." आवाजात राग नव्हता, आणि तेच उमेरला सोसवेना. "आता तुझा तू खेळशील. मी जरा झोपतो."

उमेरनं घाईघाईनं खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप चालणारा दिवा बंद केला.

"भाय, चुकलो मी," तो कसाबसा म्हणाला. "कंपनीचा दिवा बंद केलाय. आज तलवार तू घे. दिवा मी धरतंय."

मुसानं आयुष्यात तलवार धरली नव्हती. तो राक्षस सोडून भिंतींवर वार करत सुटला. मागून उमेरला दिसत होती ती फक्त त्याची पाठ. त्यातून दर चार पावलांवर मुसा थांबायचा, मागे वळायचा आणि तेवढ्यात मार खायचा.

"मागं काय बघतंस? पुढं बघ ना," उमेर वैतागला.

"तू हायस काय ते बघतंय."

सगळ्या पावसाळ्यात आपण एकदाही मागे वळून पाहिलं नाही, हे उमेरला तेव्हा कळलं. त्याचा गुडघा हलत होता, त्यासरशी हातातला मोबाईल आणि पडद्यावरचा दिवाही हलत होता. त्यानं मांडी घट्ट दाबून धरली आणि दिवा मुसाच्या पुढ्यात स्थिर केला.