नवव्या प्रकरणातला व्यापारी

उद्या सकाळी दहा वाजता दाणेवाले काका कादंबरीचं नववं प्रकरण ऐकणार आहेत. ते ऐकताना त्यांचा चेहरा कसा होईल, हे काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

कादंबरी माझ्या लेकीची आहे. तिची नायिका घरदार सोडून मनःशांती शोधत फिरते आणि नवव्या प्रकरणात तिला एक व्यापारी भेटतो. तो दाणेवाले काकांवरून घेतलाय, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे, कारण नवव्या प्रकरणाचं नाव 'व्यापारी' आहे हे कळल्यापासून काका स्वतःच तसं सांगत सुटले आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे त्यांना सध्या वाचायला मनाई आहे. म्हणून त्यांची सून रोज दुकानात बसून त्यांना दोन प्रकरणं वाचून दाखवते. हमाल, दलाल, शेजारचा सुतळीवाला, सगळे पोत्यांवर टेकून ऐकतात.

आज संध्याकाळी काकांचा फोन आला.

"वहिनी, तुमच्या लेकीची नायिका फार रडते हो. आठ प्रकरणं झाली, बाई अजून पोटभर जेवलेली नाही."

"गुरूच्या शोधात आहे ना ती," मी म्हटलं.

"मिळाले की दोन! तेही उपाशीच. असो, उद्या आमची एन्ट्री. सुतळीवाला म्हणतो, तुला नक्की खलनायक केला असणार. म्हटलं, लाव पैज. तीन वर्षं माझ्या हाताखाली होती पोरगी, मला ओळखत नाही होय?"

मी हसले. फोन ठेवून नववं प्रकरण पुन्हा उघडलं.

काकांचं शिक्षण आठवीपर्यंत. बापाच्या गोदामात फाटकी पोती शिवायला बसले, ते पुढे ठोक व्यापारी झाले. देव, धर्म, ध्यान यांतलं काही त्यांच्याकडे नाही. धान्य मात्र त्यांना माणसासारखं कळतं. माझी लेक बाविसाव्या वर्षी कॉलेज अर्धवट टाकून डोंगरावरच्या साधकांच्या वस्तीत निघून गेली. दोन वर्षांनी परत आली ती काडी होऊन. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. एकदा गहू घ्यायला गेले असताना काकांनी नुसतं "लेक कशी आहे?" विचारलं आणि मला दुकानातच रडू फुटलं.

"पाठवा उद्यापासून," काका म्हणाले. "शांतीबिंती मला येत नाही. गहू ओळखायला शिकवीन."

आणि शिकवलंच. दाणा दाताखाली धरायचा. कट्‌ आवाज आला तर वाळलेला, चिकटला तर गाडी परत. "पोत्यातला वरचा दाणा बघू नकोस," ते तिला सांगायचे, "तो नेहमी अंघोळ करून, पावडर लावून बसलेला असतो. हात खाली घाल." दोन महिन्यांत ती गाडीवाल्यांशी फोनवर भांडायला लागली. तिसऱ्या महिन्यात मी तिला जेवताना दुसऱ्यांदा भात वाढून घेताना पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

मग गोदामातल्या धुळीनं तिला खोकला लागला. काकांनी तिला वरच्या मजल्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसवलं आणि सांगितलं, "फोनवर भरवशाचं माणूस हवंय." मला बाजूला घेऊन मात्र म्हणाले, "खोकल्यामुळे बसवलंय हे तिला कळू देऊ नका. एकदा पळालेली पोर आहे. 'तुला झेपत नाही' असं कानावर पडलं तर पुन्हा पळेल."

मी तोंड शिवून घेतलं. मलाही तीच भीती होती.

त्या केबिनमधून तिला रोज संध्याकाळी काका दिसायचे. एकेका थप्पीजवळ जायचे, पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे, डोळे मिटून उभे राहायचे. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा विचारलं, "हे काय?"

"ताप बघतो," ते म्हणाले. "ओल राहिली की धान्य आतून तापतं, वरून कळत नाही. तरुणपणी माझा मका असाच आतल्या आत कुजला, अर्धं गोदाम गेलं. डोळे उघडे असले की हाताचं लक्ष लागत नाही हो."

लेकीनं त्यांना हे कधी विचारलं नाही. तिला वाटलं, तिला सगळं दिसतंय.

तिच्या कादंबरीतला व्यापारी नायिकेला काचेच्या खोलीत डांबतो, म्हणजे ती सतत नजरेखाली राहावी. रोज संध्याकाळी तो धान्यात हात खुपसून आपल्या मालकीचा स्पर्श चाखत उभा राहतो. 'त्याची प्रार्थना ती एवढीच,' असं तिनं लिहिलंय. त्या ओळीचं एका परीक्षणात फार कौतुक झालं.

पुस्तक वाचल्यावर मी तिला भीत भीत म्हटलं होतं, "अगं, काकांना लागेल हे."

"आई, ते काका नाहीत. अशा गोष्टीत व्यापाऱ्याचं काम तेवढंच असतं. तो तिला जग शिकवतो आणि मागे राहतो. त्याला ओलांडल्याशिवाय ती पुढे कशी जाणार?"

ती परत आल्यापासून मी प्रत्येक गोष्टीला गप्पच बसत आले आहे. काकांकडची नोकरी तिनं एका दुपारी चिठ्ठी ठेवून सोडली आणि दुसऱ्या गावी राहायला गेली, तेव्हाही.

रात्री जेवणानंतर काकांच्या सुनेचा फोन आला. आवाज दबका. "काकू, मी पुढचं वाचून ठेवलंय. काय करू? गाळू का?"

"गाळता येईल?"

"कसं गाळणार? सगळा बाजार त्याच प्रकरणासाठी येणार आहे. बाबांनी चहा सांगून ठेवलाय सगळ्यांना."

तेव्हापासून मी या टेबलाशी वहीत हे लिहीत बसले आहे. मीच काकांना आधी सांगावं, असं दहादा मनात आलं. पण माझ्यापुढे ते हसण्यावारी नेतील, उलट माझीच समजूत घालतील. त्यांना जे ऐकायला हवं ते माझ्या तोंडून नको. ते जिनं लिहिलं तिनंच त्यांच्यासमोर बसून बोललं पाहिजे, आणि तिला तर केबिन खोकल्यामुळे मिळाली हे माहीत नाही, धान्याच्या तापाचं माहीत नाही. ते फक्त मला माहीत आहे.

एक वाजत आलाय. ती झोपली असेल. चिडेल. "इतकी वर्षं लपवलंस?" म्हणेल, आणि कदाचित महिनोन्‌महिने माझा फोन उचलणार नाही. पण तिच्या गावाहून पहिली बस साडेपाचला सुटते आणि नऊपर्यंत इथे पोहोचते. ती बस चुकली तर मग काही उपयोग नाही.

वही मिटते आणि तिला फोन लावते.