सलीमभाईंचं नाक

सलीमभाई गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं, तेही भाजी घेताना, आमच्या कारखान्याच्या जुन्या वॉचमनकडून. मेथीची जुडी हातात तशीच राहिली. चार वर्षांत मी त्यांना एकदाही भेटले नव्हते... भेटायला तोंडच नव्हतं.

चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात आम्ही फेनिल इथाइल अल्कोहोल करायचो. नाव भयंकर, वास मात्र ताज्या गुलाबाचा. अगरबत्ती, साबण, सरबत, सगळीकडं जातं. शुद्धता यंत्र सांगतं, पण वास माणसानंच पास करावा लागतो आणि तो माणूस म्हणजे सलीमभाई. कागदाची पट्टी मालात बुडवायची, नाकाशी धरायची, डोळे मिटायचे. त्यांनी सही केली की माल सुटायचा. मलाही त्यांनीच शिकवलं. लसणाची फोडणी, आवळ्याचं तेल, गजरा, सगळं बंद! पहिल्याच दिवशी "बाई, कांदाभजी खाल्ली ना? जा, उद्या या," म्हणून हाकललं. असा संताप आला होता मला!

मग एका तापानंतर त्यांना वासच येईनासा झाला. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. लॅबचं दार लावून म्हणाले, "बाई, मला कसलाबी वास येत नाय. नाकच गेलं तर या सलीमला कोण विचारतो?" त्या दिवसापासून ते पट्टी हुंगायचे आणि शेजारी उभी राहून दुसरी पट्टी मी हुंगायचे. मी खोकले तर माल नापास, गप्प राहिले तर पास. पुढं वर्षभर आमचं हे असं चाललं.

एका सकाळी मी भाचीच्या साखरपुड्याहून थेट कामावर आले. गजरा गेटवर काढला, पण मोगरा नाकात बसला होता. मालाला करपट वास होता, तो मला कळलाच नाही. मी खोकले नाही. माल परत आला तेव्हा सलीमभाई साहेबांना सरळ म्हणाले, "चूक माझी. मला वास येत नाय." आणि मी? खाली मान घालून उभी राहिले. भित्री कुठली! महिन्याभरात त्यांना घरी बसवलं आणि त्यांची खुर्ची मला मिळाली.

परवा हिय्या करून हर्सूलला त्यांच्या घरी गेले. भाभींनी चहा पुढं केला. "भाभी, तो माल मी पास केला होता," मी एकदाचं बोलून टाकलं.

"मालूम है मला," त्या म्हणाल्या. "बाईंचं नाव का नाय घेतलं म्हणून मी लई भांडले. तर बोलले, सही माझी होती ना."

मला रडू आवरेना. भाभी म्हणाल्या, "त्याचं त्यांना कायबी नव्हतं. दर ईदला शीरखुर्म्याचा एक डबा बाजूला काढायला लावायचे. बाई येईल, बोलायचे. तुम्ही आलाच नाय."