नाशिकचा अंदाज आणि भावाचा गाळा

नाशिक परिसराचं पुढच्या तिमाहीत काय होणार, हे सांगायचा मला पगार मिळतो. उद्योजकांच्या एका संघटनेत मी हे काम करते. लासलगावला कांद्याची आवक किती झाली, मालेगावचे माग किती चालले, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत वीज किती जळाली, हे सगळं गोळा करायचं आणि शेवटी ‘वाढ’, ‘घट’ किंवा ‘स्थिर’ यातलं एक लिहायचं. द्वारका चौकात ट्रक खोळंबले की आमच्या साहेबांना अर्थव्यवस्था सुधारल्यासारखी वाटते. मी रोज तिथेच अडकते. मला तसं काही वाटत नाही.

यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे कारखानदारांना फोन करून ‘धंदा कसा चाललाय?’ असं विचारणं. आपल्याकडे ज्याचं चांगलं चाललंय तो कधी कबूल करत नाही. दृष्ट लागेल, नाहीतर मेव्हणा उसने मागायला येईल. तो म्हणतो, “काही विचारू नका मॅडम, लय मंदी!” आणि हे तो नव्या गाडीत बसून सांगत असतो. जो खरोखर बुडत असतो तो मात्र म्हणतो, “एकदम झकास!” कारण बाजारात कळलं तर हातातलं उरलंसुरलं कामही जाईल. पुण्याहून आलेल्या एका सल्लागारांनी ही उत्तरं जशीच्या तशी मोजली होती. त्यांच्या हिशोबानं सगळं नाशिक बुडालं होतं, फक्त बुडणारे तेवढे मजेत होते.

तर यंदाच्या पावसाळ्यानंतर मी नेहमीसारखा माझ्या धाकट्या भावालाही फोन केला. अंबडला त्याचा भाड्याचा गाळा आहे. दोन लेथ मशीनवर तो मोठ्या कंपन्यांना लागणारे सुटे भाग करून देतो. इतकी वर्षं तो मला ‘मंदी’ सांगत आला आणि मी निर्धास्त राहिले. या वेळी म्हणाला, “ताई, एकदम झकास.”

मी लगेच भावजयीला फोन लावला.

तिनं सांगितलं की सिन्नरच्या एका कंपनीत त्याला सुपरवायझरची नोकरी चालून आली आहे. शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचं आहे, आणि हा म्हणतो, “चालता धंदा सोडून दुसऱ्याची चाकरी करू?” गाळा गेला तर जाऊ दे, पण त्याच्या नादात हा नोकरीही घालवून बसणार, याची मला धास्ती वाटत होती. रागही येत होता. सख्ख्या बहिणीला बाजारातलं उत्तर देतोस?

शुक्रवारी ऑफिसातून थेट गाळ्यावर गेले. बाहेरूनच मशीनचा आवाज येत होता. क्षणभर वाटलं, चुकलंच आपलं. आत पाहते तर दोन्ही मशीनं गरगर फिरताहेत आणि एकावरही काही लावलेलं नाही. खाली लोखंडाचा कीस नाही, कोपऱ्यात तयार माल नाही. भाऊ खुर्चीत बसून मोबाइल बघत होता.

“हे काय रे?”

“मशीन गरम ठेवावं लागतं, ताई.”

“मला शिकवू नकोस. कधीपासून चाललंय हे?”

“झाले दोन-तीन महिने.” त्यानं मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाला, “गाळा शांत झाला की लगेच बोभाटा होतो. आवाज पाहिजे.”

मला आधी आठवला तो अंबडचा विजेचा आकडा. वीज जास्त जळाली म्हणून मागच्या अहवालात मी ‘वाढ’ लिहिलं होतं. साहेबांनी ऑफिसात पेढे वाटले होते. त्या वाढीत माझा भाऊही होता.

“बंद कर ते!” मी ओरडले. मशीनपुढे ओरडावंच लागतं, पण मी एरवीही ओरडलेच असते. “झकास म्हणे! अरे, मी काय परकी आहे? उद्या ती नोकरी हातची गेली तर पोरांना काय आवाज खायला घालणार आहेस?”

तो उठला आणि त्यानं दोन्ही मशीनं बंद केली. “नाही चालत गं आता,” भिंतीकडे बघत म्हणाला. मला रडू आलं. इतका राग होता, तो कुठे गेला कोण जाणे.

तेवढ्यात शेजारचा गाळेवाला धावत आला. “काय झालं शेठ? तुमचीच लाइट गेली का?”

भावानं माझ्याकडे पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला. “काम नाही, म्हणून बंद केलं.”

शेजारी दारातच उभा राहिला. त्याच्या गाळ्यातून मशीनचा आवाज येतच होता.

“खरं सांगताय?”

“खरं.”

“आयला!” त्यानं कपाळ पुसलं. “मग मी बी करतो की बंद. तुमचं चालू हाय म्हणून मी आपलं रिकामंच फिरवत बसलोय.”

तो गेला आणि थोड्या वेळानं तिकडचाही आवाज थांबला. भावानं सिन्नरला फोन लावला. “साहेब, सोमवारपासून येऊ का?” हे तो अगदी हळू बोलला. त्या गाळ्यात इतकी वर्षं कोणाला हळू बोलायची सोयच नव्हती.