कॉफीवाल्यांच्या अंगणातला गोडा मसाला

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला मी हॉलंडमध्ये युट्रेख्टला आयटीत नोकरी करत होते. त्या उन्हाळ्यात आई पुण्याहून माझ्याकडे राहायला आली. माझा गोडा मसाला संपलाय हे कळल्यावर तिने सुरिनामहून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या दुकानातून धणे, तीळ, सुकं खोबरं आणवलं. दगडफूल तिच्या बॅगेत होतंच. मी ऑफिसात असताना तिने भाजायला घेतलं, आणि खोबरं जरा तांबूस होतंय तोच धुराचा अलार्म बोंबलायला लागला. वरच्या मजल्यावरच्या डच बाई धावत खाली आल्या. त्यांनी मला फोन करून शांतपणे सांगितलं, "तुमची आई ठीक आहे. जिना मात्र ठीक नाही."

संध्याकाळी आई हिरमुसून बसली होती. "आता उरलेलं सगळं कच्चंच टाकायचं का?"

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक इटालियन गृहस्थ कॉफी भाजून विकायचे. सत्तरीकडे झुकलेले, बोलके. मी दर शनिवारी त्यांच्याकडून कॉफी घ्यायचे. त्या शनिवारी आईचं मन रमावं म्हणून तिलाही नेलं. दुकानाच्या मागच्या भागात काळा लोखंडी ड्रम गरगरत होता. तो त्यांच्या आजोबांचा, इटलीतल्या एका बंदराच्या गावातला. वडील फरश्या घालायच्या कामावर हॉलंडला आले. इथली पाणचट कॉफी त्यांना सोसेना, म्हणून त्यांनी ते धूड आगगाडीने मागवून घेतलं. मग फरश्या मागे पडल्या आणि कॉफी हाच धंदा झाला.

आई म्हणाली, "विचार त्यांना, सगळ्या बिया एकदम भाजतात का?"

"छे, छे!" त्यांनी दोन्ही हात उडवले. "प्रत्येक देशाची बी वेगळी भाजायची. एकत्र घातल्या तर एक जळते, दुसरी कच्ची राहते. मिसळायचं ते शेवटी. हा आमच्या आजीचा नियम."

मी सांगितलं तशी आई खुललीच. "अगं, मसाल्याचंही तेच की!" आणि तिने कानांवर हात ठेवून अलार्मची सगळी कहाणी करून दाखवली. ते हसून हसून खोकायला लागले. मग आईची नजर ड्रमकडे वळलेली पाहून त्यांनी पटकन त्यावर हात ठेवला.

"यात कॉफीशिवाय काही नाही! आजोबा थडग्यातून उठून येतील. पण मागे अंगण आहे, गॅसची शेगडी आहे. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा या."

सोमवारी मी रजा टाकली. साडीवर माझं जॅकेट चढवून आई अंगणात शेगडीपुढे बसली. ते शेजारी स्टुलावर बसून एकेक जिन्नस हुंगत होते. तीळ तडतडायला लागले तशी आई म्हणाली, "बास!" त्याच क्षणी तेही त्यांच्या इटालियनमध्ये म्हणाले, "बास्ता!" दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. मग जे हसू फुटलं, त्यात मला भाषांतराचं कामच उरलं नाही.

मसाला निवत ठेवून त्यांनी इवल्याशा कपांत कॉफी आणली. एका घोटात आईचा चेहरा आक्रसला. तिने दूध-साखर मागून घेतली आणि पिशवीतलं जायफळ काढून वर किसलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग चव घेतली.

"ही कॉफी नव्हे," ते म्हणाले. जरा थांबून कप पुढे केला. "पण अजून थोडी द्या."

नंतर त्यांनी विचारलं, "हे मसाला भाजणं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"सासूबाईंनी. म्हणजे शिकवलं कुठे? त्या भाजायच्या, मी शेजारी बसायचे."

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्यांची मुलगी ब्रेडा शहरात एका ऑफिसात कामाला होती. हे मशीन चालवायला घे म्हणून त्यांनी तिची किती मनधरणी केली होती.

"मनधरणी नका करू," आई म्हणाली. "जेवायला बोलवा आणि त्याच वेळी भाजत बसा."

आईच्या सांगण्याने सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. पण आई पुण्याला परतल्यानंतर मला ती मुलगी शनिवारी दुकानात दिसू लागली. मी नोकरी बदलून आइंडहोव्हनला निघाले तेव्हा कॉफी घ्यायला शेवटची गेले. ड्रमपाशी ती उभी होती. वडील खुर्चीत बसून एकामागून एक सूचना देत होते, आणि ती त्यातली एकही ऐकत नव्हती.